आधी ताई

मित्रांनो, या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या खाली एक लोखंडी चपटा डबा दिसतो आहे ना, ज्याच्या गोल काचेला तडा गेला आहे, तो मी. मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्यावर कुणी उभे नसतानाही माझा काटा तीनवर थांबतो. त्याला शून्य सापडत नाही. म्हणून माझ्या पोटावर 'नादुरुस्त' असा कागद डकवून मला इथे आणून टाकले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या दिवशी मी बिघडलो, त्या एकाच दिवसाचा मला अभिमान वाटतो. बाकीच्या दिवसांची मला लाज वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, आत चार स्प्रिंगा बसवल्या, वर रेघारेघांचे काळे रबर चिकटवले आणि पांढऱ्या तबकडीवर शून्यापासून एकशेवीसपर्यंत आकडे छापले. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर वीस-वीस किलोंची वजने ठेवून पाहिली. एकदा नाही, दहादा. शेवटी तो शेजारच्याला म्हणाला, "हा पठ्ठ्या कुणाचीही भीड ठेवणार नाही." ते ऐकून मी केवढा फुगलो होतो! खरे बोलायचे शिक्षण मला तिथेच मिळाले. न विचारता बोलायचे मात्र कुणीच शिकवले नाही, आणि सगळे तिथेच चुकले.

मला एका दवाखान्यात नेले. तिथे मनाच्या आजारांवर उपचार होत. मित्रांनो, पोट बिघडते, डोळे बिघडतात, तसे मनही आजारी पडते. त्यात हसण्यासारखे काही नाही आणि घाबरण्यासारखेही नाही. त्यावर गोळ्या असतात. पण त्यातल्या काही गोळ्यांनी माणसाचे वजन वाढते, म्हणून दर महिन्याला वजन बघावे लागते. त्यासाठी मी होतो. माझी जागा डॉक्टरांच्या खोलीबाहेर, पडद्याला लागून होती. शेजारी एक टेबल, टेबलामागे जाड चष्म्याच्या सिस्टर, त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा. प्रत्येक कागदावर नाव, तारीख आणि वजनाचा एक रकाना.

माझ्या लेखी त्या दवाखान्यात दोनच जातीची माणसे येत. एक चढणारी आणि दुसरी पिशवी धरणारी. चढणारा माझ्यावर उभा राही. पिशवी धरणारी बाजूला उभी राही. त्या पिशवीत जुने कागद, पाण्याची बाटली, टॉवेल, बिस्किटाचा पुडा आणि सुटे पैसे असत. पिशवी धरणारी बहुधा आई असे, नाहीतर बायको, नाहीतर बहीण. क्वचित एखादा बापही. त्यांचे वजन किती, हे विचारायचे कुणाच्या मनातही येत नसे. त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

एका मंगळवारी एक बहीण आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली. तो तिशीचा असेल, काडीसारखा वाळलेला. ती त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आई-वडील पाठोपाठ गेले होते आणि दोघेच घरात उरली होती. सिस्टरांनी भावाला बोट करून माझ्याकडे पाठवले. तो माझ्याजवळ आला आणि दोन पावले मागे सरला.

"याच्या खाली खड्डा आहे," तो म्हणाला. "चढलो की झाकण उघडतं."

"अरे सोन्या, वजनकाटा आहे तो."

"मग आधी तू."

बहिणीने चपला काढल्या, पिशवी त्याच्या हातात दिली आणि ती माझ्यावर चढली. वर दोनदा टाचा उचलून आपटल्या. "बघ. आहे का खड्डा?" माझा काटा छप्पन्नवर थांबला. भावाने खाली वाकून माझ्या काचेत नीट पाहिले, झाकण कुठे हलते का ते. मग तो चढला. बावन्न. सिस्टरांनी बावन्न लिहिले.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झाले. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मग तो नेमच झाला. भाऊ माझ्यापाशी येऊन थांबायचा आणि म्हणायचा, "आधी ताई." सिस्टरही तिला ताईच म्हणू लागल्या. ताई माझ्यावर उभी राहायची तेव्हा तिने एकदाही खाली पाहिले नाही. तिची नजर भावाच्या चेहऱ्यावर असायची, तो घाबरला तर नाही ना म्हणून. खाली पाहायचा तो भाऊ. झाकणावर पहारा ठेवता ठेवता तो माझा आकडा पुटपुटायचा. सिस्टर तेवढ्यात कागद शोधत असायच्या.

बाकावर बसून ताई सिस्टरांशी बोलायची, त्यावरून मला तिच्या घराची हकिकत कळली. घरातही सगळीकडे 'आधी ताई'च होते. भावाला वाटायचे, अन्नात कुणीतरी काही कालवले आहे. म्हणून त्याच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी ताईने खाऊन दाखवायचा. घासभर खाल्लेले त्याला पुरत नसे, अर्धे तरी संपवावे लागे. मग तो जेवे. एखाद्या दिवशी ताट तसेच सरकवून देई, तेव्हा तेही ताईच संपवी, कारण अन्न टाकायला तिचा हात धजत नसे. त्यानंतर तिचे स्वतःचे जेवण. त्याच्या चहात चार चमचे साखर लागे, तो चहाही आधी अर्धा कप तिने प्यायचा, दिवसातून पाच वेळा. हे सगळे सांगताना ती हसायची. "राजा-महाराजांकडे असत ना आधी चाखणारे, तशी नोकरी लागलीय मला. फक्त राजा बिनपगारी ठेवतो."

ती शिवणकाम करायची. शाळेच्या गणवेशांच्या एका दुकानात तिचे मशीन होते. घरापासून दुकान चांगले वीस मिनिटांच्या वाटेवर होते. भावाला एकटे ठेवता येईना, म्हणून मालकाने मशीन तिच्या घरी पाठवून दिले. सगळे म्हणाले, बरे झाले, सोय झाली. सोय कसली, ताईचे चालणेच संपले. पलंगापासून मशीन, मशीनपासून चूल, चुलीपासून पलंग. भाऊ रात्रभर खोलीत येरझारा घाली, म्हणून झोपही अर्धीमुर्धी.

एकसष्ट. अडुसष्ट. पंचाहत्तर. मी खोटे बोलत नाही मित्रांनो, पाच वर्षांत तिने मला चौऱ्याऐंशी दाखवायला लावले.

या काळात भावाचेही वजन वाढले. गोळ्या लागू पडल्या होत्या, तो शांत झाला होता, अंग धरू लागला होता. तो सत्तर झाला तेव्हा केवढी धावपळ! डॉक्टरांनी त्याला कागद लिहून दिला. गोड कमी, तळलेले बंद, रोज अर्धा तास चालणे, सहा महिन्यांनी रक्तातली साखर तपासणे. ताईने तो कागद चार घड्या घालून पिशवीत ठेवला, एखादा दागिना ठेवावा तसा. त्या वेळी ती त्याच्याहून सात किलोंनी जड होती. कागद देणाऱ्याने मान वर केली असती तरी दिसले असते.

सिस्टरांनी एकदा चेष्टा केली. "ताई, अंग सुटलं हो तुमचं."

"अंग तरी सुटलं, सिस्टर. मी कुठे सुटतेय?" ताई म्हणाली. "शिवणारणीच्या घरात शिवणारणीलाच कपडा पुरेना. उसवायला शिवणसुद्धा उरली नाही."

"एकदा तपासून घ्या की."

"मला काय धाड भरलीय? याचं आधी नीट होऊ दे."

दोघी हसल्या. मला हसू आले नाही. मला शिसारी आली, आणि ती माझीच. दर महिन्याला तिचा आकडा माझ्या तोंडावर येत होता आणि मी पितळी देवासारखा गप्प होतो.

मग सहाव्या वर्षी आकडा उतरू लागला. चौऱ्याऐंशी. ऐंशी. चौऱ्याहत्तर. तुम्ही म्हणाल, चांगले झाले. सगळे तेच म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "ताई, काय करता हो? आम्हालाही सांगा की." बाकावरच्या दुसऱ्या पिशवीवाल्या म्हणाल्या, "नशीबवान आहात." ताईला बिचारीला इतक्या वर्षांत कुणी नशीबवान म्हटले नव्हते. ती लाजली.

मित्रांनो, कौतुकासारखे विष नाही. ताईने जेवण कमी केले नव्हते आणि चालायला सुरुवातही केली नव्हती. तिच्या पिशवीत आता एकाऐवजी दोन बाटल्या असायच्या आणि नंबर येईपर्यंत त्या दोन्ही रिकाम्या व्हायच्या. तासाभरात दोनदा ती मोरीकडे जायची आणि तेवढा वेळ भाऊ माझ्यापाशी उभा राहून थरथरायचा. तिला नीट दिसेनासेही झाले होते. भावाचा आकडा सिस्टरांना तीच वाचून सांगायची. एका महिन्यात ती वाकून वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर का अडुसष्ट, काय आहे हे?" भाऊच म्हणाला, "चौऱ्याहत्तर." सुईत दोरा ओवायलाही आता तोच बसतो, असे ती कौतुकाने सांगत होती. "किती सुधारला बघा."

ज्या महिन्यात ताई एकसष्ट भरली, त्या महिन्यात भाऊ माझ्यावरून उतरला तो सरळ पडद्यापलीकडे गेला. डॉक्टरांपुढे चाळीस माणसांचे कागद होते आणि दुपार व्हायला आली होती. पडदा पातळ होता, मला सगळे ऐकू आले.

"ताई कमी होतेय," भाऊ म्हणाला.

"म्हणजे?"

"चौऱ्याऐंशी होती. ऐंशी. चौऱ्याहत्तर. सत्तर. पासष्ट. एकसष्ट. ती संपत चाललीय. तुम्ही बघा तिच्याकडे."

डॉक्टरांनी पडद्याच्या फटीतून ताईकडे पाहिले. "काय ताई, बऱ्या आहात ना?"

"मी ठणठणीत आहे, डॉक्टर. याचंच जरा महिनाभर असं चाललंय. सारखा आकडे म्हणतो."

डॉक्टर वाईट नव्हते, हे मला सांगितलेच पाहिजे. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द प्रेमाने बोलले आणि कागदावर लिहिले, 'बहिणीबद्दल भ्रम. आकड्यांचा नाद.' खाली गोळी वाढवली.

त्या दवाखान्यात त्या दिवशी खरे बोलणारे दोघेच होते, एक मी आणि एक तो. मला कुणी विचारले नाही. तो आपण होऊन बोलला, तर त्याची गोळी वाढली. पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा पेंगत होता. 'आधी ताई' एवढे म्हणाला, खाली वाकून माझा आकडा पाहिला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. खरे बोलले की गोळी वाढते, हे त्याला समजले होते.

त्याच महिन्यात ताईच्या उजव्या पायाला गणवेशाच्या निळ्या कापडाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. चप्पल त्या पायात शिरत नव्हती, ती तशीच चढली. मशीनखाली पडलेली टाचणी तळव्यात घुसली होती. कधी घुसली, हे तिला माहीत नव्हते. "दुखतच नाही हो मुळी," ती सिस्टरांना म्हणाली, "म्हणून तर लक्ष गेलं नाही." ती उतरली तेव्हा माझ्या रबरावर एक ओला, पिवळसर डाग राहिला. त्याला वास येत होता. दुपारी झाडलोट करणाऱ्या मावशींनी फडक्याने तो पुसला. कुणाच्या पायाचा, हे कुणी विचारले नाही.

पुढच्या महिन्यात भाऊ आला, पण ताई आली नाही. पिशवी त्यांच्या एका मामेभावाच्या हातात होती. तो सामान पोचवण्याची गाडी चालवायचा आणि सारखा घड्याळ बघत होता.

"चढ रे लवकर."

"आधी ताई."

"ताई कुठून आणू? ती मोठ्या दवाखान्यात भरती आहे ना."

"मग आधी तू."

"मी कशाला? मला काय झालंय?"

भाऊ चढला नाही. सिस्टरांनी रकान्यात 'नकार' असे लिहिले. मग मामेभावाने त्यांना सांगितले ते मी ऐकले. ताई मशीनवर बसल्या जागी कोसळली होती. अंगात ताप, रक्तातली साखर पाचशेच्या वर. तिला साखरेचा आजार होता, तोही आजचा नाही, चांगला जुना. तळव्यातली जखम आत हाडापर्यंत सडली होती. पाय गुडघ्याखालून कापला.

सिस्टरांनी चष्मा काढला. "अहो, पण इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही?"

मित्रांनो, काटा ओरडू शकत असता तर मी तेव्हा ओरडलो असतो. कळले होते! मला कळले होते. या पेंगणाऱ्या माणसाला कळले होते. त्याने सांगितलेसुद्धा होते, पडद्यापलीकडे, भर दुपारी, आकड्यांसकट.

त्याच्या पुढच्या महिन्यातही 'नकार'. घरी त्याच्या आधी कुणी खात नव्हते, म्हणून तोही नीट जेवत नव्हता.

तिसऱ्या महिन्यात दारातून चाकांची खुर्ची आत आली. खुर्चीत ताई होती. एवढीशी. पिशवी तिच्या मांडीवर आणि खुर्ची ढकलत होता तो भाऊ. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. भावाने खुर्ची माझ्याशेजारी लावली, चपला काढल्या आणि तो माझ्यावर चढला. आपण होऊन. 'आधी ताई' म्हटले नाही, झाकण शोधले नाही. अडुसष्ट. सिस्टरांनी अडुसष्ट लिहिले आणि त्या म्हणाल्या, "शाब्बास! जा आता आत."

"आता ताईचं," तो म्हणाला.

"त्यांचं नाही लागत."

"दर वेळी आधी तीच चढली. तुम्ही कधी लिहिलं नाही. आज मागून चढतेय. आज लिहा."

"अहो, पण त्या उभ्या कशा राहणार?"

भाऊ वाकला. एक हात तिच्या पाठीखाली, एक तिच्या गुडघ्यांखाली घालून त्याने ताईला उचलले, तान्ह्या मुलाला उचलतात तसे, आणि तो पुन्हा माझ्यावर चढला.

"अरे सोन्या, ठेव खाली. लोक बघतायत."

"हलू नकोस. काटा हलतो."

माझी मर्यादा एकशेवीस होती, पण ती नव्या स्प्रिंगांची. माझ्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या होत्या. आत काहीतरी करकरले, एक स्प्रिंग ताणून वाकडी झाली, वरची काच तडकली. तरी मी काटा घसरू दिला नाही. जीव खाऊन त्याला आकड्यावर धरून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ताईचे वजन विचारत होते. तेव्हा खोटे सांगून कसे चालले असते?

"एकशेसतरा," भाऊ म्हणाला. "त्यातून माझे अडुसष्ट गेले. एकोणपन्नास. लिहा."

सिस्टर लिहीनात. तेव्हा तो सुरुवातीपासून म्हणू लागला. छप्पन्न, सत्तावन्न, सत्तावन्न, एकोणसाठ, एकसष्ट... सहा वर्षांचा एकूण एक महिना. इतर पिशवीवाल्यांनी आपल्या पिशव्या छातीशी धरल्या. पडदा सरकवून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी टेबलावरचे त्याचे कागद मागे उलटले. 'आकड्यांचा नाद' असे जिथे लिहिले होते, तिथे ते थांबले. ताई भावाच्या गळ्यात तोंड लपवून रडत होती आणि म्हणत होती, "मला माहीतच नव्हतं रे, तू बघत होतास."

"कुठे लिहू, डॉक्टर?" सिस्टरांनी विचारले. "त्यांच्यासाठी रकाना नाही."

डॉक्टरांनी पेन घेतले आणि भावाच्या अडुसष्टच्या शेजारी, समासात, स्वतःच्या हाताने एकोणपन्नास लिहिले. पुढे बहीण असे लिहिले. मग ते आत गेले, आणि बराच वेळ त्यांनी पुढचा नंबर पुकारला नाही.

भाऊ उतरला तेव्हा माझा काटा तीनवर येऊन थांबला. मला बदलून आकडे झळकणारा नवा काटा आणला. नवे कागदही छापून आले, असे ऐकतो. रकाना अजून एकच आहे.

तुम्हाला वाटेल, निदान एक आकडा तरी लिहिला गेला. मलाही तेच वाटत होते. पण दवाखान्याचे जुने कागद याच खोलीत आणून टाकतात. मागच्या उन्हाळ्यात एक गठ्ठा माझ्याशेजारी फुटला आणि नेमका तोच कागद वर आला. कागद तपासणाऱ्या कुण्या कारकुनाने एकोणपन्नासवर लाल शाईची रेघ मारली आहे. बाजूला लिहिले आहे, 'समासात लिहू नये.'

मित्रांनो, मी आता कुणाच्या कामाचा नाही, पण तुम्ही आहात. तुमच्या घरात, शेजारात कुणी मनाने आजारी असेल, तर त्याच्याशी मायेने वागाच, आणि तो काही सांगू लागला तर ते पुरते ऐकून घ्या. पण त्याच्या बाजूला कुणीतरी पिशवी धरून उभे असेल. त्यांच्या हातातली पिशवी थोडा वेळ तुम्ही धरा आणि त्यांना म्हणा, "आज आधी तुम्ही, पण तुमच्यासाठी." त्या काट्यावर चढल्या की वाकून आकडा वाचा आणि मोठ्याने सांगा. आम्ही काटे विचारल्याशिवाय बोलत नाही.